नेपोलियनचा कप्तान मुंबईत

मुंबईत जन्म काढलेल्या माणसास मुंबई पाहण्याची बुद्धी सहसा होत नाही. काशी झाली, रामेश्वर झाले, गिरनार दोन वेळा चढून झाला. परंतु गिरगावातील आमच्या जुन्या बिऱ्हाडापासून पायी पाऊण तासाच्या अंतरावर असलेले फोर्टातील सेंट थॉमसचे देऊळ आतून पाहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर आला, हे कबूल करताना थोडी लाज वाटते. आता आमचे कुटुंब दादरास राहते. तेथून आम्ही गेल्या मार्गशीर्षात, म्हणजे मी आणि माझ्या धाकट्या बंधूंचा नातू, असे दोघे जण, या देवळाच्या यात्रेस निघालो. यात्रा म्हणण्याचे कारण असे की, मी एका माणसाची क्षमा मागावयास चाललो होतो, आणि तो माणूस १८३९ सालीच मरण पावला होता.

ही भानगड काय, ते प्रथम सांगितले पाहिजे. शाळेत मी मुख्यतः संस्कृत शिकवीत असे. पण लहान शाळेत शिक्षकाच्या वाट्यास जे येईल ते घ्यावे लागते, त्या न्यायाने इतिहासाचे तासही मजकडे असत. नेपोलियनचा धडा मला फार आवडे. वॉटर्लूच्या पराभवानंतर तो आपण होऊन इंग्रजांच्या जहाजावर आला, आणि इंग्रजांनी त्यास अभय देऊन फसविले व सेंट हेलेनाच्या खडकावर नेऊन टाकले, असे मी वर्षानुवर्षे आवेशाने सांगत आलो. शरणागतासाठी स्वतःचे मांस कापून देणारा शिबी राजा एका बाजूस आणि हा इंग्रज कप्तान दुसऱ्या बाजूस, अशी तुलना करून मी मुलांची मने हलवून सोडीत असे. एका वर्षी मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कप्तानाने अभय दिले होते याला पुरावा काय?" मला राग आला. मी त्यास खाली बसविले. तास संपला, वर्ष संपले, मुलगा शाळा सोडून गेला.

गेल्या पावसाळ्यात घरातील हाच चिमुकला नेपोलियनचे चरित्र वाचीत होता. त्याने विचारले, "आजोबा, त्या कप्तानाचे पुढे काय झाले हो?" मला ठाऊक नव्हते. ज्या माणसास मी एवढी वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्याचे पुढे काय झाले याची मला चौकशीही करावीशी वाटली नव्हती! एका ग्रंथप्रेमी स्नेह्याच्या साहाय्याने मी त्या कप्तानाविषयी मिळेल ते वाचावयास आरंभ केला. त्याचे नाव फ्रेडरिक लुइस मेटलंड. वाचता वाचता चरित्राच्या अखेरीस आलो आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. मृत्यू ३० नोव्हेंबर १८३९, मुंबईजवळ समुद्रावर, दफन मुंबईत, स्मारक सेंट थॉमसच्या देवळात.

दादरहून फोर्टाकडे आम्ही बसनेच गेलो. कारण मला वाटेतील दगड दाखवावयाचे होते. इंग्रजांच्या अमदानीत मुंबईच्या रस्त्यांवरील मैल या सेंट थॉमसच्या देवळापासून मोजीत. त्या वेळचे रोमन आकडे कोरलेले मैलाचे दगड दादर, परळ या बाजूस अजून काही शिल्लक आहेत. कित्येक वर्षे ते पदपथाच्या फरशीत निम्मेअधिक गाडले गेले होते, आणि त्यांवर बसून लोक बसची वाट पाहत. मीही बसलो असेन. आपण कोणापासून किती दूर आहो हे तो दगड सांगत आहे, हे काही माझ्या ध्यानात आले नव्हते.

परळास ज्या जागी आज हाफकिन संस्था आहे, तेथे त्या काळी मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान होते. आसपास वाड्या आणि भातशेती. लालबागेच्या गिरण्या उभ्या राहावयाच्या होत्या. आज त्याही थंड पडून त्यांच्या जागी टोलेजंग मनोरे उभे राहिले आहेत. १८८२ त की १९८२ त असा नातवाचा गोंधळ झाला, तेव्हा गिरण्यांच्या संपाची हकीकत सांगावी लागली, आणि ती भायखळ्यापर्यंत पुरली. असो.

हुतात्मा चौकात उतरून आम्ही पायी निघालो. चर्चगेट हे नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो. परंतु तो 'गेट' म्हणजे फोर्टाच्या तटाचा दरवाजा, आणि ते 'चर्च' म्हणजे हेच देऊळ, हे किती जणांच्या लक्षात असते? दरवाजा याच चौकाच्या आसपास होता. १८६० नंतरच्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव मात्र पुढे सरकत सरकत रेल्वेच्या स्टेशनास जाऊन चिकटले.

देवळाचा पाया जेराल्ड ऑन्जियर या गव्हर्नराच्या वेळी, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात घातला गेला. पुढे सुमारे चाळीस वर्षे भिंती अर्धवट उभ्या होत्या. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गणी जमवून काम पुरे केले आणि १७१८ च्या नाताळात देऊळ उघडले. त्याच वर्षी त्याच चार्ल्स बून गव्हर्नराच्या आरमाराने सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर हल्ला केला होता आणि हात हालवीत परत आले होते. देवळात पहिली प्रार्थना झाली, तेव्हा कोणाची आठवण भक्तांच्या मनात असेल याचा तर्क वाचकांनीच करावा! १८३७ साली मुंबईस स्वतंत्र बिशप आला आणि या देवळास कथीड्रलची पदवी मिळाली.

आत गेल्यावर प्रथम जाणवतो तो गारवा, आणि मग ध्यानात येते की, चोहो बाजूंच्या भिंती मेलेल्या माणसांच्या नावांनी भरून गेल्या आहेत. बहुतेक तरुण. वीस, चोवीस, एकोणतीस. ताप, पटकी, लढाई, समुद्र. नातू वये मोठ्याने वाचू लागला, तेव्हा मी त्यास थांबविले. १८०८ साली फ्रेंचांची 'पिएमोंतेझ' ही फ्रिगेट पकडताना मारला गेलेला कप्तान हार्डिंज येथे आहे. जोनाथन डंकन या गव्हर्नराचे मोठे स्मारक आहे. त्यापाशी मी हात जोडले. नातवास आश्चर्य वाटले. पण काशीच्या संस्कृत पाठशाळेची १७९१ साली स्थापना करणारा हाच डंकन. आणि काठेवाडातील व काशीकडील बालहत्येची दुष्ट चाल मोडण्यासाठी त्याने केलेल्या खटपटीची आठवण त्या स्मारकावर कोरलेली आहे. मजसारख्या संस्कृतावर पोट भरलेल्या मनुष्याने तेथे न थांबता पुढे जाणे बरे दिसले नसते.

मग मेटलंडचे स्मारक. लोकांनी वर्गणी करून उभारलेले.

त्याचा जन्म ७ सप्टेंबर १७७७ रोजी स्कॉटलंडात फाइफ परगण्यात झाला. बापही आरमारातलाच. मुलगा लहानपणीच जहाजावर गेला, आणि १७९४ च्या १ जूनला फ्रेंचांशी झालेल्या मोठ्या आरमारी लढाईत तो होता. पुढील वर्षी लेफ्टनंट झाला. त्याच्या पुढल्या चढत्या पायऱ्या मी सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १७९९ साली एका लहानशा जहाजावर असता तो स्पॅनिश आरमाराच्या मध्यात सापडला आणि कैद होऊन काडिझ बंदरी गेला. तेथील सेनापती अॅडमिरल माझारेडो यास कळले की, हा इंग्रज अॅडमिरल सेंट व्हिन्सेंट याच्या पदरचा अधिकारी. त्याने मोबदल्यात कोणी कैदी न मागता मेटलंडास सोडून दिले. शत्रूचे औदार्य म्हणजे काय, हे या माणसाने बाविसाव्या वर्षी स्वतःच्या अंगावर अनुभवले होते. पुढील प्रसंगाचा विचार करताना मला हे वारंवार आठवते.

१८०१ साली मिसरात इंग्रज फौज उतरली, त्या वेळच्या कामगिरीबद्दल तो पूर्ण कप्तान झाला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाळत ठेवण्यात त्याची कित्येक वर्षे गेली. आणि १८१५ च्या जुलैत 'बेलेरोफोन' नावाच्या ७४ तोफांच्या जहाजावर तो रोशफोर बंदरासमोर उभा असता तो प्रसंग आला.

१८ जूनला वॉटर्लू झाले. २२ ला नेपोलियनने राज्य सोडले. अमेरिकेस निघून जावे म्हणून तो रोशफोरला आला, तो समोर समुद्रात इंग्रज जहाजे. १० जुलैस त्याचे दोन माणूस, साव्हारी आणि लास काझ, पांढरे निशाण लावून मेटलंडाकडे आले. अमेरिकेस जाऊ द्याल काय? मेटलंडाने सांगितले, नाही. मग इंग्लंडास न्याल काय? बोलणी चार दिवस चालली. अखेर मेटलंडाने सांगितले की, बादशहास इंग्लंडास नेण्यास मी मुखत्यार आहे. परंतु तेथे त्यांचे स्वागत कसे होईल याविषयी मी कोणतेही वचन देऊ शकत नाही. १५ जुलैस पहाटे नेपोलियन निघाला, आणि त्याने बेलेरोफोनच्या शिडीवर पाय ठेवला.

मेटलंडाचे म्हणणे असे आहे. लास काझ आणि त्याच्या बाजूचे लोक पुढे सांगू लागले की, इंग्लंडात सन्मानाने आश्रय मिळेल अशी आशा आम्हास लावली होती. या आरोपास उत्तर म्हणून मेटलंडाने त्या दिवसांची हकीकत लिहून १८२६ साली छापली. तेव्हा नेपोलियनला मरून पाच वर्षे झाली होती. खोडून काढण्यास तो नव्हता, हे खरे. पण ते पुस्तक वाचताना मला काय दिसले ते सांगतो. ज्यास आपली बाजू रंगवावयाची असते, तो प्रतिपक्षास काळा रंग देतो. मेटलंड तसे करीत नाही. नेपोलियनची माणसे वश करण्याची शक्ती किती विलक्षण होती, हे तो लिहितो, आणि आपणही त्या मोहात थोडेबहुत सापडलो असू, हेही लपवीत नाही.

तीन आठवड्यांहून अधिक काळ बादशहा त्या जहाजावर होता. कप्तानाच्या खोलीत एका स्त्रीची तसबीर टांगलेली होती. ही कोण, असे त्याने विचारले. कप्तानाची पत्नी, असे कळल्यावर त्याने तिची स्तुती केली. पुढे जहाज प्लिमथच्या बंदरात उभे असता त्या बाई होडीतून जवळ आल्या, पण वरिष्ठांच्या हुकुमामुळे त्यांना जहाजावर येता येईना; तेव्हा कठड्याशी उभे राहून नेपोलियनने मस्तक लववून त्यांना वंदन केले. त्याला पाहण्यास हजारो लोक होड्यांतून लोटत होते. ३१ जुलैस सेंट हेलेनाचा हुकूम त्यास सांगण्यात आला, आणि ७ ऑगस्टला त्यास 'नॉर्थंबरलंड' जहाजावर चढविले. जाण्यापूर्वी त्याने हिरेजडित चौकटीतील आपली तसबीर कप्तानास देऊ केली. मेटलंडाने ती घेतली नाही.

येथे माझे मन अडखळते. वचन दिले नव्हते, हे मी आता मानतो. त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता, आणि मी एका मृत माणसास पुराव्यावाचून वर्षानुवर्षे दोषी ठरविले. परंतु समोरचा मनुष्य आशेने येत आहे, आणि त्या आशेस आधार नाही, हे जाणणाऱ्याने 'मी वचन दिले नाही' एवढे म्हणून स्वस्थ बसावे काय? विभीषण आला तेव्हा सुग्रीवाने नाना शंका काढल्या. रामाने शरण आलेल्यास परत लावावयाचे नाही एवढेच पाहिले. पण राम स्वतः स्वामी होता, आणि मेटलंड नोकर. काडिझच्या अॅडमिरलास जे करता आले, ते या कप्तानास करण्याचा अधिकार नव्हता. ती तसबीर त्याने नाकारली, यातच त्याच्या मनाची अवस्था काही दिसते असे मला वाटते. माझे हे वाटणे आहे, पुरावा नव्हे. एवढे आता मी शिकलो आहे. बेलेरोफोनचे पुढे कैद्यांचे तरंगते तुरुंगघर झाले, आणि १८२४ साली त्यास नवे नाव मिळाले 'कॅप्टिव्हिटी', म्हणजे बंदिवास. मनुष्याने रचलेल्या कथेत असे नाव आले असते, तर आपण लेखकास नावे ठेवली असती.

"पण तो मुंबईला आला कशाला?" नातवाचा प्रश्न.

१८३० साली मेटलंड अॅडमिरल झाला आणि 'सर' झाला. पुढे पाच वर्षे पोर्टस्मथच्या गोदीचा प्रमुख होता. १८३७ च्या जुलैत हिंदुस्थान व चीन या समुद्रांवरील इंग्रज आरमाराचे आधिपत्य त्यास मिळाले, आणि त्याने आपले निशाण ज्या जहाजावर चढविले, ते 'वेलस्ली'. याच जहाजाचा तो १८२७ ते १८३० पर्यंत भूमध्यसमुद्रात कप्तान होता. वेलस्ली कोठले? आपल्या मुंबईचे! फोर्टातील गोदीत, मलबारच्या सागवानाचे, जमशेटजी बोमनजी वाडिया या थोर पारशी सुताराने बांधलेले, २४ फेब्रुवारी १८१५ रोजी पाण्यात सोडलेले. जमशेटजींचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून येथे आले आणि पिढ्यान्पिढ्या या घराण्याने मुंबईची गोदी सांभाळली. वेलस्लीचे नकाशे इंग्लंडाहून 'जावा' नावाच्या जहाजावरून येत होते. १८१२ च्या डिसेंबरात ते जहाज अमेरिकनांनी पकडले आणि नकाशे गेले. जमशेटजी अडले नाहीत. नुकतेच त्यांनी 'कॉर्नवॉलिस' बांधून पुरे केले होते. त्याच घाटावर त्यांनी वेलस्ली उभे केले. नाव दिले ते मात्र असईच्या रणांगणावर आपल्या शिंद्यांच्या फौजेचा मोड करणाऱ्या आर्थर वेलस्लीचे! हात आपले, लाकूड आपले, नाव त्यांचे. या जहाजावर करवत आणि वाकस चालविणारे शेकडो सुतार असतील. त्यांतल्या एकाचेही नाव कोणत्या भिंतीवर नाही.

आणि त्या जहाजाने केले काय? १८३९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी मेटलंडाच्या हुकुमावरून वेलस्लीच्या तोफा कराची बंदराच्या मनोरा किल्ल्यावर सुटल्या. थोड्याच वेळात तट ढासळला. आत पाहावे तो मूठभर माणसे. शहर इंग्रजांच्या हाती आले. चार वर्षांनी सारा सिंध खालसा झाला आणि १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यास जोडलेला राहिला. त्यायोगे पुढे आपली कित्येक मराठी कुटुंबे कराचीस गेली. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा त्या शहरात आहे, हे आम्हा शिक्षकांस अभिमानाने सांगावेसे वाटते. एका अन्यायाच्या पोटी अशाही गोष्टी जन्मास येतात. त्यांचा जमाखर्च कसा मांडावा, ते मला कळत नाही. मार्चमध्ये मेटलंड इराणच्या आखातात बुशायरला गेला. आदल्या वर्षी तो चीनच्या किनाऱ्यावर जाऊन आला होता. तेथील अफूच्या युद्धात १८४० नंतर वेलस्ली लढले. पण ते पाहावयास मेटलंड उरला नव्हता. ३० नोव्हेंबर १८३९ रोजी, मुंबई दृष्टीच्या टप्प्यात असता, मुंबईच्याच सुतारांनी बसविलेल्या फळ्यांवर त्याने प्राण सोडला. वय बासष्ट. एकुलते एक मूल तान्हेपणीच गेले होते.

मी त्या भिंतीपुढे उभा राहिलो. काय बोलावे? ज्यास मी दगाबाज म्हटले, तो दगाबाज नव्हता. पण ज्याची मी क्षमा मागावयास आलो, त्याच्या तोफांनी केलेले काम मला क्षम्य वाटत नव्हते. दोन्ही गोष्टी मनात ठेवून मी मान लववली आणि बाहेर आलो. नातवाने वहीत नाव आणि तारीख उतरून घेतली होती.

तेथून आम्ही टाऊन हॉलच्या पायऱ्यांवरून वळून शहीद भगतसिंग मार्गाने गोदीच्या लायन गेटापर्यंत गेलो. आत नौसेनेचा कारखाना. परवान्यावाचून प्रवेश नाही. आतील डंकन गोदी अद्यापि आहे, एवढे मी त्यास सांगितले, आणि पहारेकऱ्याने आमच्याकडे संशयाने पाहिल्यामुळे पुढील व्याख्यान पदपथावर थोडे दूर जाऊन दिले. वेलस्लीचे मरण तर त्याच्या अॅडमिरलच्या मरणाहूनही विचित्र आहे. म्हातारे झाल्यावर टेम्स नदीत त्यावर मुलांना खलाशाचे शिक्षण देत. १९४० च्या सप्टेंबरात जर्मन विमानांच्या बाँबने ते बुडाले. शिडांच्या युगातील लढाऊ जहाज विमानाने बुडविल्याचे हे एकच उदाहरण. १९४८ त ते वर काढून मोडले, आणि त्यातील काही लाकूड लंडनच्या न्यायमंदिराच्या दुरुस्तीस वापरले. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे ते सागवान कुजले नाही.

"त्या लाकडाला ठाऊक असेल का, आपण मुंबईचे म्हणून?" नातवाने विचारले. मी काही उत्तर दिले नाही. चहा मात्र पाजला.

घरी आल्यावर मी आणखी एक काम केले. मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याचा पत्ता त्याच्या वर्गबंधूकडून मिळविला आणि त्यास चार पाने पत्र लिहिले. तुझा प्रश्न योग्य होता, मी तुला बसविले हे चुकले, आणि पुरावा तपासला असता तुझ्या शंकेस आधार आहे, असे सविस्तर कळविले. तो आता परगावी मोठ्या हुद्द्यावर आहे. पंधरा दिवसांनी उत्तर आले. प्रकृती विचारली होती, घरच्यांना नमस्कार सांगितला होता. आणि शेवटी लिहिले होते, सर, तुम्ही लिहिता तो प्रसंग मला मुळीच आठवत नाही, पण शिबी राजाची गोष्ट तुम्ही फार छान सांगत असा.